मातीचें उत्तर

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेंतील चित्रकलेच्या तासास एक लहानसा प्रसंग घडला, आणि त्यावरून एका सन्मान्य पालकांचें आम्हांस पत्र आलें. त्या पत्रास खाजगी उत्तर आम्हीं त्याच वेळीं धाडलें. परंतु हा विषय एका घरापुरता राहण्याजोगा नाहीं असें वाटल्यावरून वार्षिकाच्या या पानांतून तो सर्व विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या वडील मंडळींपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रसंग असा. चित्रकलेचे शिक्षक रजेवर असल्यामुळें तो तास आमच्याकडे आला होता, व धडा मातीकामाचा होता. आम्हीं मुलांस दोन छायाचित्रें दाखविलीं. पहिल्यांत एक मातीची मूर्ति होती. पांढऱ्या लेपावर काळ्या रेघा, अंगांत कोट, डोक्यावर टोपी, कमरेवर हात, आणि तोंड असें वासलेलें कीं, गृहस्थ भाषण करीत आहेत कीं जांभई देत आहेत हें कळूं नये. मुलें खदखदून हसलीं. दुसऱ्या छायाचित्रांत तशाच पांढऱ्या लेपाचा, तशाच काळ्या रेघांचा एक योद्धा होता. परंतु त्याचा वेष असा विलक्षण कीं, तो गतकाळांतून आला आहे कीं पुढील एखाद्या शतकांतून, हें सांगतां येऊं नये. पहिली मूर्ति शंभर वर्षांहून जुनी, दुसरी आजच्या काळांतील. दोन्ही एकाच गांवच्या मातीच्या. एका विद्यार्थ्यानें विचारिलें, "गुरुजी, हा पहिला गोरा साहेब आहे काय?" आम्हीं होय म्हटलें. "मग त्याला असा कां केला?" या प्रश्नाचें उत्तर देतां देतां तास संपला, व त्या ओघांत इ. स. १६८० सालच्या एका बंडाची हकीकत मुलांस सांगण्यांत आली. ती हकीकत घरोघर गेली. पत्रांतील आक्षेप थोडक्यांत असा कीं, ख्रिस्ती शाळेंत, ख्रिस्ती शिक्षकानें, धर्मोपदेशकांचा वध करणाऱ्या लोकांची कथा कौतुकानें कां सांगावी?

आक्षेप प्रामाणिक आहे. त्याचें उत्तर देण्यासाठीं प्रथम त्या गांवाची ओळख करून दिली पाहिजे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील न्यू मेक्सिको प्रांतांत, सांता फे शहराच्या नैऋत्येस, रिओ ग्रांदे नदीच्या पश्चिम तीरावर कोचिटी नांवाचें गांव आहे. तेथील लोक प्वेब्लो या नांवानें ओळखले जातात. हें नांव स्पॅनिश लोकांनीं दिलेलें असून त्याचा अर्थ केवळ 'गांव' असा आहे. मातीच्या भिंतींच्या पक्क्या घरांतून वस्ती करून राहणारे, मका पिकविणारे हे लोक पाहून परक्यांस तेंच नांव सुचलें. त्यांच्या निरनिराळ्या गांवांच्या भाषा निरनिराळ्या आहेत. परंतु मडकीं घडविण्याची विद्या सर्वत्र आहे, आणि ती बहुतांशीं स्त्रियांच्या हातीं राहिली आहे. आपल्याकडे कुंभाराच्या स्त्रीनें चाकास हात लावूं नये अशी रूढि. तेथें चाकच नाहीं. टेकडीवरून माती आणावयाची, ती आणण्यापूर्वीं भूमीस मक्याचें पीठ वाहून तिची अनुज्ञा घ्यावयाची, मग ती वाळवून, कुटून, चाळून, भिजवून तींत बारीक वाळू मळावयाची. मातीच्या लांब वळ्या करून त्या एकावर एक वेटोळ्यासारख्या रचीत जावयाचें व बोटांनीं सांधे लिंपून भांडें उभें करावयाचें. वाळल्यावर तें घासून गुळगुळीत करावयाचें, त्यावर पांढऱ्या मातीच्या पातळ लेपाचे थर द्यावयाचे, व शेवटीं काळ्या रंगानें चित्रें काढावयाचीं. हा काळा रंग एका रानभाजीचा पाला उकळून उकळून, आटवून केलेला असतो. भाजण्याचें काम उघड्यावर, लांकडें व शेणाच्या गोवऱ्या रचून होतें. आमच्या वर्गांतील एका कुंभाराच्या मुलास हें ऐकून फार नवल वाटलें. सात समुद्रांपलीकडे गोवऱ्यांवर मडकीं भाजणारे भाऊबंद आहेत हें त्यास ठाऊक नव्हतें. तें त्यास ठाऊक झालें, एवढ्यासाठीं सुद्धां तो तास व्यर्थ गेला असें आम्ही म्हणणार नाहीं.

या लोकांत स्पॅनिश सैन्य प्रथम १५४० सालीं शिरलें, व १५९८ सालीं हुआन दे ओन्यातेनें तेथें वसाहत स्थापिली. पुढच्याच वर्षीं आकोमा नांवाच्या गांवानें प्रतिकार केला म्हणून त्याचा विध्वंस झाला, व पंचवीस वर्षांवरील पुरुष कैद्यांचा एकेक पाय तोडण्याचा हुकूम सुटला. सैन्याबरोबर फ्रान्सिस्कन धर्मगुरु आले. त्यांत सत्पुरुष नव्हतेच असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. कित्येकांनीं रोग्यांची शुश्रूषा केली असेल, कित्येकांनीं अनाथांस पोसलें असेल. परंतु मका व कापड यांचा कर वसूल करणारा अंमलदार आणि प्रार्थनेस बोलावणारा पाद्री हे एकाच वाटेनें, एकाच्या आड एक असे आले, ही गोष्ट त्या लोकांच्या डोळ्यांस दिसल्यावांचून कशी राहील? १६६१ सालीं तेथील मुख्य धर्मगुरूंनीं कचिना नामक विधिनृत्यांस बंदी केली. गांवाच्या भूमिगत प्रार्थनास्थानांतून, ज्यांस 'किव्हा' म्हणतात, मुखवटे व पूजेचीं साधनें बाहेर ओढून तीं जाळण्यांत आलीं. माणसाच्या वा पशूच्या आकाराची मातीची मूर्तिही मूर्तिपूजेचें साधन ठरे, व फोडली जाई. मग अवर्षणें पडलीं, दुष्काळ आला, सांथी आल्या. १६७५ सालीं गव्हर्नरानें सत्तेचाळीस धार्मिक पुढाऱ्यांस चेटूक केल्याच्या आरोपावरून धरून आणिलें. कांहींचा प्राण गेला, बाकीच्यांस फटके बसले.

फटके बसलेल्यांत पोपे नांवाचा एक मनुष्य होता. (रोमच्या पोपांशीं या नांवाचा कांहीं संबंध नाहीं, हें सांगावें लागतें, कारण वर्गांत तो घोटाळा झालाच.) त्यानें पांच वर्षें गुप्तपणें गांवोगांव संधान बांधलें. ज्या लोकांत लिपि नाहीं, भाषा एक नाहीं, त्यांनीं एकाच दिवशीं उठावें कसें? त्यानें गांठी मारलेल्या दोऱ्या धांवणाऱ्या तरुणांच्या हातीं गांवोगांव पाठविल्या. रोज एक गांठ सोडावयाची. शेवटची गांठ सुटेल तो दिवस. दोघे तरुण वाटेंत पकडले गेले, म्हणून बंड ठरल्यापेक्षां आधीं, १० ऑगस्ट १६८० रोजीं उसळलें. सुमारें चारशें स्पॅनिश माणसें मारलीं गेलीं. त्यांत एकवीस फ्रान्सिस्कन धर्मगुरु होते. उरलेली वसाहत दक्षिणेकडे पळाली व बारा वर्षें परत येऊं शकली नाहीं. त्या काळांत पोपेच्या लोकांनीं प्रार्थनामंदिरें पाडलीं, क्रूस जाळले, आणि बाप्तिस्मा नदीच्या पाण्यानें धुऊन टाकण्याची आज्ञा केली. म्हणजे मोडणाऱ्यांच्या वस्तु मोडल्या गेल्या. हें आम्हीं मुलांपासून लपविलें नाहीं, व एकवीस धर्मगुरूंच्या मृत्यूचें कौतुकही केलें नाहीं. मृत्यूचें कौतुक करणारा शिक्षक वर्गांत उभा राहण्यास पात्र नव्हे.

१६९२ सालीं स्पॅनिश सत्ता परत आली, आणि तीही रक्तपात केल्यावांचून स्थिरावली नाहीं. परंतु आतां ती कांहींशी शहाणी होऊन आली होती. पूर्वीची कर उकळण्याची पद्धति पुन्हां बसविली नाहीं, व किव्हांतील विधींकडे बरेचसें दुर्लक्ष करण्यांत आलें. आज कोचिटी येथें संत बोनाव्हेंतुरा यांच्या नांवाचें प्रार्थनामंदिर आहे. दरवर्षीं १४ जुलै रोजीं त्या संताचा सण होतो, आणि त्याच दिवशीं गांवच्या चौकांत मक्याचें नृत्य होतें. दोन्ही गोष्टी तींच माणसें करितात. आमच्या पत्रलेखक मित्रांनीं या एका दिवसाचा विचार करावा. ज्यांच्या पूर्वजांनीं एकदां बाप्तिस्मा धुऊन टाकिला, त्यांच्याच वंशजांनीं त्या संताचा सण सोडला नाहीं. मग त्यांस धर्मापासून दूर कोणीं केलें होतें?

येथपर्यंतची कथा जाळण्याची झाली. पुढची विकत घेण्याची आहे, आणि तिचा वाद पत्रांत नसला तरी आम्हांस ती कमी दुःखद वाटत नाहीं. १८४८ सालीं हा प्रांत संयुक्त संस्थानांकडे आला. १८८० सालीं तेथें आगगाडी पोंचली. तिच्याबरोबर पत्र्याचीं व चिनी मातीचीं भांडीं आलीं, व घरोघरच्या मातीच्या घागरींचें काम संपलें. त्याच सुमारास वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेचे लोक येऊन या गांवांतून हजारों वस्तु उचलून घेऊन गेले; कारण हे लोक आतां नाहींसे होणार, तेव्हां त्यांचीं मडकीं तरी जपून ठेवावीं, असा त्यांचा हिशेब होता. माणसापेक्षां मडक्याची काळजी अधिक! सांता फे येथील व्यापाऱ्यांस प्रवाशांपुढें मांडण्यासाठीं स्वस्त चमत्कारिक वस्तु हव्या होत्या. तेसुके नांवाच्या गांवाकडून मांडीवर भांडें घेऊन बसलेल्या बुटक्या मूर्ति करवून घेऊन त्यांस 'पर्जन्यदेव' म्हणून विकण्यांत आलें. त्या लोकांचा असा देवच नव्हता. तो दुकानदारांनीं निर्माण केला, व शिकागोच्या एका मिठाईवाल्यानें तो मिठाईच्या पेटींतून वांटला. एके काळीं ज्या मूर्तींस देव समजून फोडलें, त्या देव नव्हत्या असें म्हणतां येईल. आणि आतां ज्यांस देव म्हणून विकलें त्या तर खास नव्हत्या. दोन्ही वेळां घडविणारीस कोणी विचारिलें नाहीं.

तिनें मात्र या दोहोंस उत्तर दिलें, आणि तें मातींतच दिलें. मुलें ज्या मूर्तीस हसलीं ती याच काळांतील. कोचिटीच्या कलावंतांनीं आगगाडींतून उतरणारे पाहुणे नीट न्याहाळले. कोटांत न मावणारे व्यापारी, तोंड वासून गाणारे गवई, सर्कशींतील कसरतपटू, लांब झग्यांतील पाद्री या सर्वांच्या मूर्ति त्यांनीं केल्या, व त्या त्यांनाच विकल्या. व्यापारी त्यांस 'मोनो' म्हणत. स्पॅनिश भाषेंत त्याचा एक अर्थ माकड असा आहे. घेणारे म्हणत, काय वेडीवांकडी गंमत आहे, आणि ती घरीं नेऊन दिवाणखान्यांत ठेवीत. आपण आपलेंच चित्र विकत घेतलें आहे, हें त्यांच्या लक्षांत आलें नाहीं. आम्हांस हा विनोद मोठा खानदानी वाटतो. त्यांत शिवी नाहीं, रक्त नाहीं. एवढेंच आहे कीं, तुम्ही आमच्याकडे पाहत होतां, त्या वेळीं आम्हीही तुमच्याकडे पाहत होतों.

तोच वारसा पुढें चालला. १९६४ सालीं त्याच गांवच्या हेलेन कॉर्डेरो नांवाच्या बाईंनीं कथा सांगणाऱ्या आजोबांची मूर्ति केली. बाईंचीं भांडीं वांकडीं होत, म्हणून त्या मूर्तींकडे वळल्या होत्या! त्या मूर्तींत आजोबा डोळे मिटून, तोंड उघडून बसले आहेत, आणि त्यांच्या खांद्यांवर, मांडीवर मुलें लटकलीं आहेत. ते आजोबा म्हणजे बाईंचे स्वतःचे आजोबा, सांतियागो किंताना. या मूर्तीची कीर्ति सर्वत्र पसरली व इतर प्वेब्लो गांवांतही तशा मूर्ति होऊं लागल्या. यांत वसाहतीविषयीं एक अक्षर नाहीं असें कोणी म्हणेल. परंतु हें आठवावें कीं, १८९० सालीं सरकारनें सांता फे येथें या लोकांच्या मुलांसाठीं वसतिगृहाची शाळा काढली होती. त्या काळच्या अशा शाळांतून मुलांचे केस कापीत व घरची भाषा बोलूं देत नसत. (ती शाळा आज प्वेब्लो लोकांच्याच हातीं आहे.) ज्या मुलांस आजोबांपासून तोडण्यासाठीं शाळा उघडल्या, तींच मुलें त्या बाईंनीं मातींत पुन्हां आजोबांच्या अंगाखांद्यावर आणून बसविलीं. आम्ही शिक्षक आहों. ही मूर्ति आम्हांस तरी मुकी वाटत नाहीं.

दुसऱ्या छायाचित्रांतील योद्ध्याचा कर्ता व्हर्जिल ऑर्टिझ हा १९६९ सालीं जन्मला. आजी लॉरेन्सिता हेरेरा व आई सेफेरिना ऑर्टिझ यांच्याजवळ बसून तो माती शिकला, व माती, लेप, रानभाजीचा काळा रंग हें सर्व त्यानें जुन्या रीतीचेंच ठेविलें. मात्र त्याच्या मूर्ति एक लांबलचक कथा सांगतात. १६८० चें बंड आणि त्यानंतर पांचशें वर्षांनीं, २१८० सालीं, घडणारें दुसरें कल्पित बंड अशी ती कथा आहे. तींत पोपे आहे, दोऱ्या नेणारे धांवपटू आहेत, आंधळे तिरंदाज आहेत. २०१५ सालीं डेन्व्हर येथील कलासंग्रहालयांत ती मांडली गेली. आपल्या देशांतील शाळांतून जें बंड फारसें शिकविलें जात नाहीं, तें आपल्या गांवच्या मुलांस विसरूं द्यावयाचें नाहीं, हा त्याचा हेतु. त्याच गांवचे डिएगो रोमेरो पसरट वाडग्यांच्या आंत जुन्या मिंब्रेस भांड्यांच्या धर्तीवर आजच्या काळांतील दोन भावांचीं चित्रें काढतात. तीं पाहून प्रथम हसूं येतें, मग तें हसूं ओठांवरच थांबतें. ऑर्टिझच्या भविष्यकाळीन वेषांचा थाट आम्हांस सर्वस्वीं रुचतो असें नाहीं. जुन्या मोनोंचा नेमकेपणा त्यांत कोठें कोठें हरवतो. पण ती रुचीची बाब झाली.

आतां आक्षेपाकडे वळूं. धर्मोपदेशकांनीं केलेलें उणें मुलांस सांगितलें तर त्यांची श्रद्धा डळमळेल, ही भीति आम्हांस समजते. परंतु तींत आम्ही सहभागी होऊं शकत नाहीं. आपल्या किनाऱ्यावरही याच काळांत दोन प्रकारचीं माणसें आलीं. गोव्यांत १५६० सालीं इन्क्विझिशन बसलें, व १६८४ सालीं, म्हणजे पोपेच्या बंडानंतर चारच वर्षांनीं, तेथील पोर्तुगीज विजरईनें लोकांची बोली बंद पाडण्याचा हुकूम काढला. आणि त्याच गोव्यांत थॉमस स्टीफन्स या पाद्र्यानें लोकांची भाषा शिकून १६१६ सालीं मराठी ओवींत ख्रिस्तपुराण प्रसिद्ध केलें. आज चारशें वर्षांनीं कोणाचें काम आपण प्रेमानें हातीं घेतों? पुढें रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं ख्रिस्तभक्ति अभंगांत ओतली. त्यांस मराठी भांडें फोडावेंसें वाटलें नाहीं, तें त्यांनीं भरलें. मिशनचें सर्वच काम कोचिटीसारखें झालें असें म्हणणारे दुसऱ्या बाजूचे लोकही आहेत, आणि त्यांच्याशींही आमचा वाद आहे. आम्ही स्वतः मिशनच्या वसतिगृहांत वाढलों, मिशनच्या पैशांवर पदवीधर झालों. तें अन्न आम्ही विसरलों नाहीं. पण ज्यानें अन्न दिलें त्याचें चुकलेंच नाहीं असें म्हणणें ही कृतज्ञता नव्हे; ती मिंधेपणाची भाषा होय.

हें लिहिण्यास आम्हांस अधिकार आहे कीं नाहीं, हें वाचकांनीं पुढील गोष्टीवरून ठरवावें. वीस वर्षांपूर्वीं, शिक्षणवर्गांतून नुकतेच बाहेर पडलेले आम्ही एका खेड्यांतील शाळेवर होतों. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं कुंभारवाड्यांतील एक मुलगा दप्तरांतून मातीचा बैल घेऊन आला. गेरूनें रंगविलेला, शिंगें थोडीं वांकडीं, पाठीवर बोटांचे ठसे उमटलेले. तो त्यानें आमच्या टेबलावर ठेविला. आम्हांस दाखवावयाचा होता. आम्हीं काय केलें? "येथें मूर्ति आणावयाच्या नाहींत," असें म्हणून तो बैल खिडकींतून बाहेर टाकिला. खालीं फरशी होती. मुलगा रडला नाहीं. त्यानें मधल्या सुट्टींत तुकडे गोळा करून टोपींत घातले व तो घरीं गेला. नंतर तो शाळेंत येत असे, परंतु आम्हांस कधीं कांहीं दाखविण्यास त्यानें आणिलें नाहीं. आम्हांस कोणीही तसें करण्यास सांगितलें नव्हतें. आमच्या हातांत ना तलवार होती, ना गव्हर्नराचा हुकूम. धर्माचा अभिमान म्हणजे काय याविषयींची कोती समजूत मात्र होती. कोचिटीच्या किव्हांतून मुखवटे बाहेर ओढणारे धर्मगुरु हे कोणी राक्षस होते असें आम्हांस म्हणूनच वाटत नाहीं. ते आमच्यासारखेच, नुकतेच शिकून आलेले, स्वतःच्या चांगुलपणाविषयीं निःशंक असे असतील.

तें छायाचित्र वर्गांत दाखवितांना आमच्या डोळ्यांपुढें तो बैल होता. पत्रलेखक मित्रांस हें आम्हीं प्रत्यक्ष भेटींतही सांगितलें. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत, व मग म्हणाले कीं, त्यांच्या आई जात्यावर बसल्या म्हणजे जुन्या ओव्या गुणगुणत, आणि पाहुणे आले कीं गप्प होत. त्यांचें मत पूर्णपणें बदललें असें आम्ही म्हणत नाहीं. बंडाची कथा अंमळ मोठ्या मुलांस सांगावी, असा त्यांचा आग्रह अजून आहे, व तो विचार करण्याजोगा आहे.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं चित्रकलेच्या खोलींत आम्हीं एक फळी रिकामी करून दिली, व ज्यांच्या घरीं मातीचें कांहीं घडत असेल त्यांनीं तें आणावें असें सांगितलें. अकरा बैल आले, दोन चुली आल्या, एक मोट आली, आणि आठवींतील एका मुलीनें येशूच्या जन्माचा गोठा आणिला. त्यांतील गाय खास आपल्याकडची, गळ्यांत घुंगुरमाळ घातलेली. एका कोपऱ्यांत, कर्त्याचें नांव नसलेली, आणखी एक मूर्ति कोणीसें गुपचूप ठेवून गेलें होतें. डोळ्यांवर चष्मा, कांखेंत छत्री, पोट पुढें, एक हात वर, आणि तोंड वासलेलें. मुलें आमच्याकडे पाहत होतीं, आम्ही तिच्याकडे. ती मूर्ति फळीवर मध्यभागीं ठेविली आहे. वार्षिक समारंभास येणाऱ्या पालकांनीं अवश्य पाहावी. छत्री मात्र आमच्या छत्रीहून बरीच लहान काढली आहे.